जुन्या चाहत्यांच्या आठवणी लिहून घ्या : फुटबॉल क्लबांच्या मालकांना खुलं पत्र

प्रति,
जगभरातल्या फुटबॉल क्लबांचे मालक, अध्यक्ष आणि संचालक मंडळं यांस,

स.न.वि.वि.

तुमच्यापैकी कुणाशीही माझी ओळख नाही. मी एका क्लबची साधी चाहती आहे. बरीच वर्षं एकाच स्टँडमध्ये, एकाच रांगेत, एका खांबाच्या आडोशाला असलेल्या खुर्चीवर बसते. डावीकडचा कॉर्नर पाहायचा तर मान वाकडी करावी लागते. माझ्या क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे म्हणायचं आहे ते तुम्हा सगळ्यांनाच म्हणायचं आहे.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक काका बसायचे. मी पहिल्यांदा आले तेव्हाही ते तिथेच होते. हातात कार्यक्रम-पत्रिका आणि वरच्या खिशात बोटभर उरलेली पेन्सिल. गोल झाला की आधी उडी मारायचे, मिठ्या मारायचे, आणि सगळं शांत झालं की खाली बसून पत्रिकेच्या कडेला मिनिट आणि खेळाडूचं नाव लिहायचे. आपल्याविरुद्ध गोल झाला तरी लिहायचे, पण जरा बारीक अक्षरात. ऐंशीवं मिनिट लागलं की उठून पुढच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरायचे आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत सोडायचे नाहीत. त्या ठिकाणचा कठड्याचा रंग गेलेला आहे. अजूनही.

एकदा मध्यंतरात मी त्यांना विचारलं, काका, इतक्या वर्षांतली तुमची सगळ्यात लाडकी आठवण कोणती? मला वाटलं, एखाद्या चषकाचा सामना सांगतील. त्यांनी धुक्यातला एक सामना सांगितला. तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते आणि वडिलांच्या खांद्यावर बसले होते. दुसऱ्या अर्धात धुकं असं उतरलं की मधल्या रेषेपलीकडचं काही दिसेना. आपला गोलकीपर तेवढा दिसत होता आणि तोही पलीकडे काय चाललंय ते कान देऊन ऐकत होता. अचानक लांबच्या स्टँडमधून आरोळी उठली. गोल आपला की त्यांचा, कुणालाच कळेना. मग धुक्यातून आपले खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडत मागे येताना दिसले आणि या बाजूलाही कल्लोळ झाला. "पोरी, गोल मी पाहिलाच नाही. ऐकला. आणि एकच गोल तीनदा ऐकला. आधी पलीकडून, मग आपल्या लोकांकडून, मग बाबांच्या खांद्यांतून." गोल डोक्याने झाला की पायाने, एवढं मात्र त्यांना जन्मभर कळलं नाही. त्या बाजूला उभा असलेला कुणी कधी भेटलाच नाही म्हणाले.

या हंगामाच्या आधी काका गेले. त्यांच्या लेकीने मला त्यांचा फोन दाखवला. क्लबकडून संदेश आला होता की खुर्चीचं हंगामाचं तिकीट नव्याने काढायची मुदत संपत आली आहे, पैसे भरले नाहीत तर खुर्ची दुसऱ्याला दिली जाईल. वडील वारले असं तिने कळवलं. दोन दिवसांनी तोच संदेश पुन्हा आला. कार्यालयात बसणाऱ्या माणसांवर माझा राग नाही, संदेश यंत्राने पाठवला असणार. पण पन्नासहून जास्त वर्षं ज्या माणसाने एका क्लबसाठी कठडा धरून ठेवला, त्याच्याबद्दल क्लबच्या दफ्तरी काय होतं? नाव, खुर्चीचा क्रमांक आणि पैसे भरल्याची तारीख. धुकं नव्हतं. वडिलांचे खांदे नव्हते. मी हे पत्र त्यासाठी लिहिते आहे.

त्या मध्यंतरानंतर मी एक वही केली. स्टेशनवर, बसमध्ये, तिकिटाच्या रांगेत, दुसऱ्या गावच्या सामन्यांना जाताना जो चाहता भेटेल त्याला हाच प्रश्न विचारते. आपल्याच क्लबचा हवा असं नाही, प्रतिस्पर्धी क्लबचेही बरेच आहेत. लोक सुरुवातीला संकोचतात, मग थांबत नाहीत. आणि जवळजवळ कुणीच सांगायला सुरुवात गोलपासून करत नाही. "त्या दिवशी पाऊस होता." "आमची गाडी बंद पडली होती." "आई नुकतीच हॉस्पिटलमधून घरी आली होती." "तो माझ्याशी तीन वर्षं बोलत नव्हता, आणि त्या गोलला आम्ही एकमेकांना मिठी मारली." गोल येतो, पण मध्ये कुठेतरी येतो. शेजारी कोण होतं हे मात्र प्रत्येकाला पक्कं आठवतं. स्कोअर चुकतो, वर्ष चुकतं, शेजारचा माणूस चुकत नाही.

तुम्ही विकत घेतलेल्या क्लबमध्ये सगळ्यात मोलाचं काय असतं, ते मला या वहीने शिकवलं.

मोठे, सगळ्या जगाने पाहिलेले क्षणही वहीत आहेत. १३ मे २०१२ चा मँचेस्टर सिटीचा सामना तर कितीतरी जणांनी सांगितला. ४४ वर्षांनी इंग्लंडच्या लीगचं विजेतेपद हातातोंडाशी आलेलं, क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध ९० मिनिटं संपली तेव्हा सिटी १-२ ने मागे, आणि मग इंज्युरी टाइममध्ये आधी जेको आणि नंतर आग्वेरो. तो शेवटचा गोल तुम्ही हजार वेळा दाखवला असेल. पण त्या दिवशी काही लोक रडत स्टेडियमबाहेर पडले होते. आरोळी ऐकून ते उलटे धावले. गोल पाहणाऱ्यांपेक्षा मला या लोकांची आठवण वाचायला जास्त आवडेल. जिन्यावर उलट दिशेने धावताना एखाद्याला काय वाटलं असेल, हे कुठल्याही कॅमेऱ्यात नाही.

इस्तंबूलचंही तसंच. २५ मे २००५, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, मध्यंतराला एसी मिलान ३-०. पुढे सहा मिनिटांत लिव्हरपूलने तीन गोल करून बरोबरी साधली आणि पेनल्टींवर चषक जिंकला, ते जगाला माहीत आहे. तिथे गेलेले चाहते मात्र मध्यंतराची आठवण काढतात. तीन गोल खाऊन बसलेला तो जमाव गाऊ लागला होता. सामना हातचा गेल्यासारखा असताना गाणं सुरू करणारा पहिला माणूस कोण होता? असेल कुणीतरी, आणि त्याला कदाचित कधी कुणी विचारलंही नसेल.

लेस्टर सिटीचं २०१६ चं विजेतेपद नक्की झालं तेव्हा तर लेस्टरचा सामनाच नव्हता. २ मे रोजी चेल्सीने टॉटनहॅमला २-२ असं रोखलं आणि लेस्टर विजेता झाला. त्या क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण हजारो लोकांनी आपापल्या घरात, दुसऱ्या दोन क्लबांचा सामना बघत अनुभवला. तो क्षण साठवायचा तर स्टेडियमचे कॅमेरे काही कामाचे नाहीत, घरोघरीच जावं लागेल.

आठवण जपणं म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी अर्जेंटिनातल्या रोसारिओकडे बोट दाखवेन. १९ डिसेंबर १९७१ ला राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात रोसारिओ सेंट्रल आणि त्याच गावचा न्यूवेल्स ओल्ड बॉइज समोरासमोर आले. आल्दो पेद्रो पोय या खेळाडूने अंग आडवं झोकून देत हेडर मारला आणि सेंट्रल १-० ने जिंकला. पुढे स्पर्धाही जिंकला. त्या झेपेला तिथले लोक 'पालोमिता' म्हणतात, म्हणजे छोटं कबूतर. तेव्हापासून दर वर्षी डिसेंबरमध्ये चाहते जमतात, कुणीतरी चेंडू टाकतो आणि तो गोल पुन्हा केला जातो. पोय स्वतः म्हातारपणीही त्या चेंडूवर झेपावत आला आहे. पाहणाऱ्यांत १९७१ नंतर जन्मलेले किती असतील! त्यांनी तो गोल मैदानावर पाहिलेला नाही, तरी तो त्यांचा आहे. हे कुठल्या जाहिरात विभागाने आखलेलं नाही. चाहत्यांनी ठरवलं की हा दिवस विसरायचा नाही, आणि ते विसरले नाहीत.

आणि बर्लिनचा युनियन. या क्लबचं मैदान मोडकळीला आलं तेव्हा २००८-०९ मध्ये दोन हजारांहून जास्त चाहत्यांनी कामाचे कपडे चढवून, आपली सुट्टी खर्ची घालून ते स्वतःच्या हातांनी बांधून काढलं. कुणी सिमेंट कालवलं, कुणी पायऱ्या घातल्या. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, क्लब पहिल्यांदा बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये, पोचला. १८ ऑगस्टला घरच्या मैदानावर पहिला सामना होता. त्या दिवशी शेकडो चाहत्यांनी आपल्या गेलेल्या माणसांचे मोठे फोटो हातात धरले. आई, वडील, भाऊ, मित्र. क्लब खालच्या लीगमध्ये असताना जे लोक पावसापाण्यात येत राहिले आणि हा दिवस बघायला उरले नाहीत, त्यांना त्या सामन्याला आणलं गेलं. युनियन तो सामना ०-४ ने हरला. तिथे असलेल्या माणसाला विचारा, लाडकी आठवण कोणती. तो पराभव पहिला सांगितला जाईल, असं मी माझ्या वहीच्या भरवशावर म्हणते.

त्या फोटोंबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा काका हयात होते. मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बाबांचा माझ्याकडे एकच फोटो आहे, आणि त्यात ते सामन्याला निघालेत."

तुम्हाला वाटेल, चाहतीचा हळवेपणा चालला आहे. म्हणून एक कठोर गोष्ट सांगते. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्या उपांत्य सामन्यात चेंगराचेंगरी झाली. तिच्यात जीव गेलेल्यांची संख्या आज ९७ धरली जाते. लगेचच दोष चाहत्यांवर टाकला गेला. ते प्यायलेले होते, त्यांनी दांडगाई केली, असं सांगितलं आणि छापलं गेलं. जे तिथे होते ते पहिल्या दिवसापासून सांगत होते की असं घडलेलं नाही. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने कागद उघडले तेव्हा कळलं की पोलिसांचे १६४ जबाब नंतर बदलले गेले होते. २०१६ मध्ये ज्यूरीने म्हटलं की ही माणसं बेकायदेशीरपणे मारली गेली आणि चाहत्यांची त्यात चूक नव्हती. २७ वर्षं सरकारी कागद खोटं बोलत होते आणि चाहत्यांची आठवण खरं बोलत होती. ज्या आयांनी, बापांनी, भावंडांनी ती आठवण सोडली नाही त्यांच्यामुळे सत्य बाहेर आलं. तेव्हा चाहत्यांच्या आठवणींना कुणी गोड गोड गप्पा म्हणू नये.

काही आठवणी आता कायमच्या गेल्या. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूल शहरातल्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या महिला संघाचा सामना झाला. सुमारे ५३,००० लोक आत होते आणि हजारो बाहेर राहिले. पुढच्याच डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांच्या सामन्यांना बंदी घातली आणि ती जवळजवळ ५० वर्षं टिकली. त्या गर्दीत किती मुली असतील, हाही आपला खेळ आहे असं ज्यांना त्या दुपारी वाटलं असेल! त्यातली प्रत्येक जण गेल्यालाही काळ लोटला. मी स्वतः बाई म्हणून स्टँडमध्ये बसते तेव्हा त्यांच्यापैकी एकीचं तरी बोलणं वाचायला मिळावं असं फार वाटतं. ५३,००० हा आकडा मिळतो. त्या मुलींचं बोलणं कुठे मिळणार?

त्याच गुडिसन पार्कचा शेवट बरा झाला, हेही सांगायला हवं. एव्हर्टन तिथे १८९२ पासून खेळत होता. १८ मे २०२५ ला पुरुष संघ साउदम्प्टनविरुद्ध तिथे शेवटचा सामना खेळून नव्या मैदानावर गेला. या मैदानाच्या कडेने शेकडो चाहत्यांची रक्षा पुरलेली आहे. माणसाने मेल्यावरही कॉर्नरच्या झेंड्याजवळ राहायचं ठरवावं, याहून मोठा करार तुमच्या कुठल्या वकिलाने केला आहे? मैदान पाडायचं नाही आणि ते महिला संघाला द्यायचं असं क्लबने ठरवलं. १९२० च्या त्या दुपारनंतर शंभर वर्षांनी. तो निर्णय घेणाऱ्या माणसांचे मी इथे मनापासून आभार मानते.

आता जिथे चुकलं ते. २०१२ मध्ये कार्डिफ सिटीची शंभर वर्षांची निळी जर्सी लाल करण्यात आली. बाहेरच्या बाजारात लाल रंग चालेल असा हिशेब होता. ज्या क्लबला लोक 'ब्लूबर्ड्स', म्हणजे निळे पक्षी, म्हणतात त्याला लाल! चाहते निळे मफलर घालून येत राहिले आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा परतला. एखाद्या आजीने नातवासाठी विणलेला निळा मफलर आधी कुणी हातात घेऊन पाहिला असता, तर ती अडीच वर्षं वाचली असती.

लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबचं दुखणं याहून मोठं. २००२ मध्ये एका समितीने तो क्लब सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी दिली. चाहत्यांनी काही आठवड्यांत एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब काढला. खेळाडू निवडायला उघड्या माळावर चाचणी ठेवली, येईल त्याने यावं. इंग्लंडमधल्या लीगच्या उतरंडीत नवव्या पायरीवरून सुरुवात करून नऊ हंगामांत तो क्लब वरच्या चार पायऱ्यांत, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, पोचला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाउ लेन या आपल्या जुन्या रस्त्यावर, नव्या मैदानात परतला. पण मला त्यातली २००७ ची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या वर्षी मिल्टन कीन्सच्या क्लबने विम्बल्डनच्या जुन्या इतिहासावरचा हक्क सोडून मानचिन्हं परत दिली. १९८८ मध्ये लिव्हरपूलला १-० ने हरवून जिंकलेला एफए कप त्यातच आला. परवाना, खेळाडू, लीगमधली जागा हे सगळं हलवता आलं. १९८८ ची ती दुपार हलवता आली नाही. ती ज्यांनी स्टँडमध्ये उभं राहून पाहिली होती ते मागेच राहिले होते, आणि ती त्यांच्याजवळच राहिली.

इंग्लंडमधल्या 'बरी' नावाच्या क्लबबद्दल लिहिताना हात जड होतो. १८८५ मध्ये सुरू झालेला, दोनदा एफए कप जिंकलेला क्लब. पैशांचा घोळ झाला होता आणि २७ ऑगस्ट २०१९ ला मुदत संपणार होती. त्या दिवशी शेकडो माणसं झाडू, फडकी घेऊन मैदानावर आली. पुढचा सामना होईल या आशेने त्यांनी खुर्च्या पुसल्या, गवत उपटलं. रात्री क्लबला लीगमधून काढून टाकल्याचं जाहीर झालं. मी कधीही ते मैदान पाहिलेलं नाही. तरी ओल्या फडक्याने खुर्ची पुसणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तो कुणाची खुर्ची पुसत होता? स्वतःची की वडिलांची?

२०२० मध्ये महामारीमुळे तुम्हाला रिकाम्या मैदानांत सामने खेळवावे लागले. ती तुमची चूक नव्हती. टीव्हीवर आमचा आवाज ध्वनिमुद्रणातून घातला गेला. लिव्हरपूलने ३० वर्षांनी लीग जिंकली आणि २२ जुलैला चषक उचलला तो 'कॉप' या स्टँडमध्ये, समोर एकही चाहता नसताना. तुमच्यापैकी अनेकांनी तेव्हा म्हटलं, चाहत्यांशिवाय फुटबॉल काहीच नाही. आम्हाला ते खरं वाटलं. मग वर्ष व्हायच्या आत, १८ एप्रिल २०२१ ला, १२ मोठ्या क्लबांनी आम्हाला न विचारता सुपर लीग ही आपली वेगळी स्पर्धा जाहीर केली. चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत इंग्लंडचे सहाच्या सहा क्लब माघारी फिरले. पाच वर्षं आधी, ६ फेब्रुवारी २०१६ ला, ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध लिव्हरपूलचे हजारो चाहते ७७ व्या मिनिटाला उठून गेले होते. संघ २-० ने पुढे होता, तरी उठले. सामना २-२ सुटला आणि मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. उठून जाणं किती जड गेलं असेल ते मला कळतं. मी शेवटच्या शिट्टीआधी कधीच उठलेले नाही.

व्हीएआरबद्दल, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचांचा निर्णय तपासण्याच्या पद्धतीबद्दल, एवढंच: गोल झाल्यावर आम्ही आता आधी पंचांकडे बघतो. माझ्या वहीतल्या अलीकडच्या नोंदींमध्ये "मग दोन मिनिटं वाट पाहिली" हे वाक्य येऊ लागलं आहे. न्याय हवा, मान्य. पण जे तुम्ही बदलता त्याने आमच्या आठवणी कशा बदलतात, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं.

म्हणून माझी विनंती. प्रत्येक क्लबने चाहत्यांच्या आठवणी गोळा करण्याचं काम नेमून द्यावं, पगार देऊन, कायमचं. स्पर्धा नको, बक्षीस नको, जाहिरातीसाठी दोन ओळींचे किस्सेही नकोत. ध्वनिमुद्रक घेऊन एक माणूस सगळ्यात जुन्या तिकीटधारकांच्या घरी जावा आणि त्याने घाई करू नये. पहिला प्रश्न गोलचा विचारू नये. शेजारी कोण होतं, तिथून सुरुवात करावी. ज्यांना मैदानावर यायला आता पाय साथ देत नाहीत त्यांच्याकडे आधी जावं. जे कधीच मैदानावर येऊ शकले नाहीत, दूर देशांत रात्री जागून रेडिओला कान लावून बसले, त्यांचंही घ्यावं. त्यांची निष्ठा तसूभरही कमी नाही. प्रतिस्पर्ध्यांचंही घ्यावं. एका सामन्याला दोन बाजू असतात आणि धुकं पडलं तर दोन्ही लागतात.

हे सगळं बंद कपाटात ठेवू नका. रंग, बोधचिन्ह, मैदान, सामन्याची वेळ, यातलं काही बदलायचं ठरलं की संचालकांच्या बैठकीत त्यातल्या दहा आठवणी मोठ्याने वाचल्या जाव्यात. निर्णय तुमचाच राहील. फक्त तो घेताना ही माणसं खोलीत असावीत, युनियनच्या त्या फोटोंसारखी.

आणि एखादा तिकीटधारक वारल्याचं कळलं, तर यंत्राने नव्हे, माणसाने उत्तर द्यावं. घरच्यांना विचारावं की त्यांच्या आठवणीतला एखादा सामना तुम्हाला ठाऊक आहे का. एवढंच विचारलं असतं तर काकांच्या लेकीने धुक्याची गोष्ट सांगितली असती. तिला ती पाठ आहे.

माझी वही कुठल्याही क्लबला हवी असेल तर मी ती द्यायला तयार आहे. अक्षर बरं नाही, बसमध्ये लिहिलेलं आहे. ज्यांनी सांगितलं त्यांची नावं मी घातलेली नाहीत, ती त्यांच्या परवानगीनेच घालावीत.

कळावे,

आपली,
एक चाहती, खांबाच्या आडोशाची खुर्ची

ता.क. काकांच्या त्या सामन्याबद्दल मी आमच्या क्लबच्या कार्यालयात विचारून पाहिलं. निकाल मिळाला, १-०. गोल करणाऱ्याचं नावही मिळालं. गोल कसा झाला याची नोंद नाही. त्या दिवशी लांबच्या स्टँडमध्ये जे कुणी उभे होते त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, किंवा तुमच्या घरात कुणी आजोबा-आजी धुक्यातल्या गोलची गोष्ट सांगत असतील, तर त्यांना एवढंच विचारा आणि क्लबला कळवा: डोक्याने होता की पायाने? मला काकांच्या पत्रिकेच्या कडेला पेन्सिलीने लिहायचं आहे. लेकीने ती पत्रिका मला दिली आहे, आणि तेवढी जागा त्यांनी रिकामी ठेवली होती.